नर्सिंग आणि एक्स-रेच्या पोरांसाठी सिम्युलेशन लॅब : महागडी डमी घ्यावी का?

मांजराकाठ :

मंडळी, जरा मदत पाहिजे. मी लातूर जिल्ह्यातल्या एका संस्थेत नर्सिंगला शिकवते, जीएनएम डिप्लोमा आणि बीएस्सी दोन्ही. संस्थेनं आता एक्स-रेचा कोर्सपण सुरू केलाय, ती पोरं आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर. आता ट्रस्टींच्या डोक्यात आलंय की दोघांसाठी मिळून एक झकास सिम्युलेशन लॅब करायची, म्हणजे खऱ्या पेशंटच्या आधी डमीवर आणि खोट्या केसेसवर सराव करायची जागा, एका डीलरचं कोटेशनपण येऊन पडलंय. त्यात एक हाय-फिडेलिटी डमी आहे, ती श्वास घेते, नाडी लागते, बुबुळं लहानमोठी होतात, आणि किंमत अशी की वाचून मी आधी शून्यं मोजली. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, तू प्लॅन लिहून दे.

माझं मत आधीच टाकते म्हणजे भांडायला बरं. डमी कुठली हा प्रश्नच नाहीये. लॅब रोज उघडी पाहिजे, पोरींना करताना बघणारं माणूस तिथं पाहिजे, आणि करून झाल्यावर खाली बसून बोलायला वेळ पाहिजे. हे तीन नसतील तर ती डमी इन्स्पेक्शनला दाखवायची वस्तू होणार, दुसरं काही नाही. सध्या बहुतेक ठिकाणी काय होतं, ट्यूटर एकदा करून दाखवते, पुढं उभ्या असलेल्या सातआठ जणी बघतात, मागच्यांना नुसत्या पाठी दिसतात, आणि झालं प्रॅक्टिकल, लॉग बुकात सही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नव्या सेमिस्टर सिलॅबसमध्ये स्किल लॅब आणि सिम्युलेशन लिहूनच दिलंय त्यामुळं आता टाळता येत नाही, पण लिहून आलं म्हणून होतंच असं कुठाय.

तर विचारायचं हे की एक्स-रेच्या पोरांना नेमकं काय लागतं, मला त्यातलं फार कळत नाही. आणि आपल्या भागातल्या कुठल्या केसेस घ्याव्यात? डीलरनं दिलेल्या सीडीतल्या केसेस बघितल्या, त्यात पेशंट सगळे परदेशी, कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी तर कुणी घोड्यावरून पडलेला. 😀


जुनी_सिस्टर :

ताई, राग मानू नका पण आमच्या वेळी असलं काही नव्हतं आणि आम्ही काही वाईट नर्स झालो नाही. संत्र्यात पाणी भरून इंजेक्शन शिकलो, एकमेकींचं बीपी घेतलं, आणि बाकी सगळं वॉर्डात. सीनियर सिस्टर मागं उभी राहायची आणि हात थरथरला की डोळे वटारायची, तेवढ्यानं हात सरळ व्हायचा. किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनानंतरची पहाट, चारच्या सुमाराला. त्यानंतर जे बघितलं ते कुठल्या डमीवर शिकवता येणार आहे? ट्रकमधून माणसं यायलीत, मातीनं तोंडं भरलेली, कुणाला आधी घ्यायचं हे सांगायला कुणी नाही. डमी रडत नाही हो, डमीचे नातेवाईक वॉर्डात येऊन आरडाओरडा करत नाहीत. पेशंटला हात लावल्याशिवाय नर्स होत नाही, माझं तरी हेच मत.


बालाघाट :

सिस्टर, तुमचा मान राखून बोलतो. हे फॅड नवीन नाहीये. फ्रान्समध्ये १८ व्या शतकात मादाम द्यू कुद्रे नावाची एक सुईण होती, तिनं कापड आणि चामड्याचा बाळंतिणीचा पुतळा केला होता, आत बाळ, नाळ सगळं. १७५९ मध्ये राजानं तिला नेमलं आणि ती बाई पुढं कित्येक वर्षं गावोगाव फिरून खेड्यातल्या बायांना त्या पुतळ्यावर बाळंतपण शिकवत होती. नर्सिंगमध्ये पण १९११ ला अमेरिकेत हार्टफर्डच्या हॉस्पिटलनं एका बाहुल्या बनवणाऱ्या बाईकडून माणसाएवढी बाहुली करून घेतली, मिसेस चेस म्हणायचे तिला. उचलायचं कसं, कूस कशी बदलायची हे पोरी तिच्यावर शिकायच्या. संत्रं पण सिम्युलेशनच झालं की ओ सिस्टर, स्वस्तातलं. 😄

आणि किल्लारीचं म्हणाल तर उलट आहे. रोज घडणारं वॉर्डात शिकता येतं. जे दहा वर्षांत एकदा घडतं त्याचीच आधी रंगीत तालीम पाहिजे ना, वॉर्डात त्याची वाट बघत बसणार का?


जुनी_सिस्टर :

हां, हे शेवटचं पटलं. संत्र्याचं पण चालतंय.


क्षकिरण_परभणी :

एक्स-रेचं मी सांगतो, माझी वीसेक वर्षं याच कामात गेली.

मांजराकाठ ताई, नर्सिंगच्या पोरी निदान एकमेकींचं बीपी घेऊ शकतात. आमच्या पोरांना ती सोय नाही. फक्त शिकवायला म्हणून कुणाही माणसावर एक्स-रे मारता येत नाही, मित्रावर नाही न स्वतःवर पण नाही, अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियमच आहे तसा. म्हणजे पोरगं पहिलं एक्सपोजर देतं ते थेट आजारी माणसावर, आणि चुकलं तर रिपीट, म्हणजे त्या माणसाला दुसऱ्यांदा डोस. म्हणून म्हणतो, सिम्युलेशनची खरी गरज नर्सिंगपेक्षा रेडिओग्राफीला जास्त आहे, आणि पैसे वाटताना सगळ्यात शेवटी नंबर आमचाच लागतो.

आता काय लागतं ते. एक असतं फॅंटम, म्हणजे रेझिनचं माणसाएवढं शरीर, आत हाडं, हातपाय वाकतात, त्यावर खरा एक्स-रे मारायचा आणि शंभरदा चुकलं तरी कुणाचं नुकसान नाही. पण ते लाखांत जातं, आणि मशीन, शिसं लावलेली खोली, लायसन हे सगळं लागतंच. दुसरं सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरवर किंवा व्हीआर चष्म्यात. पेशंट उभा करायचा, ट्यूब फिरवायची, केव्ही आणि एमएएस, म्हणजे किरणांचा जोर आणि प्रमाण, बदलायचे आणि फोटो कसा येतो ते बघायचं. हे मला फार कामाचं वाटतं आणि त्याचं कारण डिजिटल आहे. फिल्मच्या जमान्यात जास्त एक्सपोजर दिलं की फोटो काळाकुट्ट यायचा, पोरगं आपोआप शिकायचं. आता डीआरवर, म्हणजे डिजिटल मशीनवर, दुप्पट दिलं तरी फोटो छानच दिसतो, उलट कमी दिलं तर तेवढा दाणेदार येतो, म्हणून पोरं हळूहळू आकडे वाढवत जातात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. सॉफ्टवेअरवर पोराला दाखवता येतं की बघ, हे दोन फोटो सारखेच दिसतात पण दुसऱ्यात पेशंटला दुप्पट डोस गेलाय.

तिसरं जे आहे ते फुकट आहे आणि तेच कुणी करत नाही. संध्याकाळी एक्स-रे रूम रिकामी असते. एक्सपोजर द्यायचं नाही, किरण कुठं पडणार ते दाखवणारा ट्यूबवरचा कॉलिमेटरचा लाइट तेवढा लावायचा, एका पोरानं पेशंट व्हायचं, दुसऱ्यानं पोझिशन द्यायची. तेवढ्यात सगळं कळतं.

उदाहरण म्हणून साधा छातीचा पीए घ्या, म्हणजे किरण पाठीकडून छातीकडं जातात तो फोटो. पुस्तकात काय आहे, अंतर १८० सेंमी, हनुवटी वर, हात कमरेवर उलटे ठेवून खांदे पुढं, म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसावरून बाजूला होतात, पूर्ण श्वास भरून धरायचा. पोरांना हे तोंडपाठ असतं. आता समोर सत्तर वर्षांची आजी उभी करा. पदराला सेफ्टी पिना, गळ्यात पोत, दंडाला ताईत, पाठीवर वेणी. वेणी तशीच राहिली तर फुप्फुसाच्या टोकावर सावली येते आणि डॉक्टर टीबीचा विचार करतो. पोरगं म्हणतं ‘श्वास घ्या, रोखून धरा’ आणि धावत पडद्यामागं जातं, तेवढ्यात आजीनं श्वास सोडलेला असतो. म्हणून बटणाकडं जायच्या आधी तिच्यासमोर उभं राहून आपण स्वतः छाती भरून दाखवायची, तिच्याकडून एकदा करून घ्यायचं, आणि मगच जायचं. हे शिकवायला डमी नाही, एखादी हौशी आजी पाहिजे, नाहीतर आजीची अॅक्टिंग करणारं पोरगं.


थर्ड_इयर_हिंगोली :

सर, हे वाचून रडायला आलं कारण आमच्याकडं डमी आहे पण ती मी प्लॅस्टिकमध्येच बघितलीय. कॉलेजचं नाव नाही सांगत. कपाटाची चावी मॅडमकडं, मॅडम रजेवर असल्या की लॅब बंद, आणि हजर असल्या तरी म्हणतात खराब होईल, कुणी भरून द्यायचं. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी बाहेर काढली, केस विंचरले, चादर घातली, आम्हाला सांगितलं की विचारलं तर म्हणायचं आम्ही रोज वापरतो. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, मी पहिल्यांदा डायरेक्ट पेशंटलाच टाकलंय, सिस्टर बाजूला होत्या म्हणून झालं, पण त्या पेशंटला कुणी विचारलं का की ही पोरगी पहिल्यांदा करालीय चालेल का? मला त्याचंच वाईट वाटतं.


सडेतोड :

बरोबर बोललीस पोरी. आता मी जरा कडू बोलतो. मला या सिम्युलेशनची भीती दुसरीच आहे. आपल्याकडं नर्सिंग कॉलेजं किती आणि त्यांना जोडलेली खरीखुरी चालती हॉस्पिटलं किती हे सगळ्यांना माहितीय. कागदावर बेड आहेत, बेडवर पेशंट नाही. उद्या हे लोक म्हणतील, आम्ही सिम्युलेशनचे तास घेतलेत, वॉर्ड पोस्टिंगची गरज काय? डमी दाखवून पोस्टिंग कापलं की पोरगी पास होऊन बाहेर पडेल न तिनं जिवंत माणसाची शीर शोधलेलीच नसेल. त्यापेक्षा जुन्या सिस्टरांचं वॉर्ड बरं.


गोदेवरून_यूके :

मी मूळची नांदेडची, आता यूकेत स्टाफ नर्स. सडेतोड दादांची भीती खरीय, इकडं पण हाच वाद चालतो. इथं नर्सिंगच्या विद्यार्थ्याला २३०० तास प्रॅक्टिस करावी लागते आणि त्यातले जास्तीत जास्त ६०० सिम्युलेशनमध्ये मोजता येतात, म्हणजे कॉलेजला वाटलं म्हणून सगळं डमीवर उरकता येत नाही, वरची रेघ ठरलेलीय. अमेरिकेत २०१४ ला नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय परिषदेचा मोठा अभ्यास आला होता, दहा कॉलेजातले विद्यार्थी तीन गटात केले, एकाला नेहमीसारखं वॉर्ड, दुसऱ्याला वॉर्डाच्या तासांपैकी पाव सिम्युलेशन, तिसऱ्याला निम्मं. शेवटी ज्ञानात, कामात आणि लायसनच्या परीक्षेत फरक पडला नाही. पण लोक हे वाक्य उचलतात आणि खालची अट सोडून देतात. अट ही की शिकवणारे ट्रेन्ड पाहिजेत, साधनं खऱ्यासारखी पाहिजेत आणि प्रत्येक केसनंतर नीट डीब्रीफिंग, म्हणजे काय झालं त्यावर बसून बोलणं, पाहिजे. हे नसेल तर तो अभ्यास तुम्हाला लागू नाही, विषय संपला.

आणि डमीच लागते असं नाही. इथं रजिस्ट्रेशनसाठी बाहेरच्या नर्सला ओस्की नावाची प्रॅक्टिकल परीक्षा द्यावी लागते, दहा स्टेशन. आम्ही चौघी भाड्याच्या खोलीत उशीला शर्ट घालून प्रॅक्टिस करायचो. त्यात सवय लावतात की करताना तोंडानं बोलायचं, हात धुताना, नाव आणि जन्मतारीख तपासताना, औषधाची एक्सपायरी बघताना, सगळं मोठ्यानं. पहिल्यांदा वेड्यासारखं वाटतं. पण बोलल्यामुळं बघणाऱ्याला कळतं की हिच्या डोक्यात काय चाललंय, आणि शिकवणाऱ्याला तेच तर पाहिजे असतं.


मांजराकाठ :

सडेतोड दादा, पोस्टिंग कापायचं नाही हे मी प्लॅनमध्ये पहिल्याच ओळीत लिहिणार आहे. सिम्युलेशन पोस्टिंगच्या आधी, पोस्टिंगच्या ऐवजी नाही. ज्या आठवड्यात लेबर रूम लागणार त्याच्या आधीच्या आठवड्यात लेबर रूमची केस, नाहीतर पहिल्या सेमिस्टरला शिकलेलं पाचव्याला काय आठवणार.

यूकेवाल्या ताई, डीब्रीफिंगचं जरा सविस्तर लिहा ना. आमच्याकडं डीब्रीफिंग म्हणजे ‘तुझं इथं चुकलं, तिथं चुकलं, जा बस’.


गोदेवरून_यूके :

तेच तर. केस दहा मिनिटांची असेल तर बोलणं वीस-पंचवीस मिनिटं. आधी पोरींना मोकळं होऊ द्यायचं, कसं वाटलं, घाम फुटला का. मग काय घडलं ते त्यांच्याच तोंडून क्रमानं. मग एकच जागा पकडायची आणि विचारायचं, ऑक्सिजन खाली आलेला तुला दिसला होता, तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं? उत्तर भलतंच निघतं. कुणी म्हणते दिसलाच नाही, कुणी म्हणते दिसला पण सिस्टर रागावतील म्हणून मास्कला हात लावला नाही. चूक एकच, पण दोघींना शिकवायचं वेगळं. आणि लॅबमध्ये झालेलं बाहेर बोलायचं नाही, मार्क द्यायचे नाहीत, व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा नाही. आपल्याकडं हे शेवटचं सगळ्यात अवघड, मला माहितीय. 😅

गुरुग्रामला इंडियन नर्सिंग कौन्सिलचं नॅशनल रेफरन्स सिम्युलेशन सेंटर आहे, तिथं शिक्षकांसाठी ट्रेनिंग होतं. डमीच्या पैशातून दोघी ट्यूटरला आधी तिथं पाठवा म्हणावं ट्रस्टींना.


स्क्रूड्रायव्हर :

बायोमेडिकलचं काम करतो, संभाजीनगरला. डमी घेणाऱ्यांनी माझं ऐकून घ्या नाहीतर मलाच बोलवाल.

आपल्याकडचा एप्रिल-मे डमीला मानवत नाही. पत्र्याच्या खोलीत ठेवली की इंजेक्शन शिकायच्या खोट्या हाताची कातडी कडक होते आणि शिरेच्या नळ्यांना चिरा जातात. कातडी आणि नळ्या बदलायच्याच असतात, त्याचे पैसे दरवर्षी वेगळे धरा, पहिल्या बिलात ते कुणी लिहीत नाही. बॉलपेन, मार्कर लावायचा नाही आणि डमी वर्तमानपत्रावर झोपवायची नाही, शाई कातडीत उतरते ती निघत नाही. मी एका डमीच्या पाठीवर ऊसदराची बातमी वाचलेली आहे. 😂 हातात लाल पाणी भरलं असेल तर काम झाल्यावर काढून नळ्या वाळवा, नाहीतर आत बुरशी. मोठी डमी घेतली तर लोडशेडिंगला यूपीएस लागणार, सॉफ्टवेअरचं रिन्युअल लागणार, आणि बोर्ड गेला तर इंजिनियर पुण्या-मुंबईवरून येईपर्यंत ती झोपून राहणार.

माझं ऐकाल तर एका मोठ्या डमीऐवजी सीपीआरची, म्हणजे छाती दाबायच्या सरावाची, अर्ध्या अंगाची धडं चारपाच घ्या, जी दाबलं की टिक वाजतात. ५ ते ६ सेंमी खोल आणि मिनिटाला १०० ते १२० हे नुसतं ऐकून कुणाला जमत नाही, हातालाच कळावं लागतं, आणि दोन मिनिटांत दंड भरून येतात हे पण तेव्हाच कळतं.


आरोग्यसेविका_किनवट :

नमस्कार, मी डोंगरातल्या उपकेंद्रावर आहे. मांजराकाठ ताई केसेस विचारालत्या म्हणून लिहितेय, लांबलं तर माफ करा.

पहिली केस साप. पावसाळ्यात आमच्याकडं सोयाबीनच्या रानात घोणस आणि घरात जमिनीवर झोपलेल्याला मण्यार. यात नर्सचं काम कुठं येतं तर २० मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या टेस्टमध्ये. काचेची ट्यूब, कोरडी, स्वच्छ, साबणाचा अंश नको, २ मिली रक्त, आणि २० मिनिटं हात लावायचा नाही. पोरी काय करतात, प्लॅस्टिकची ट्यूब घेतात नाहीतर दर पाच मिनिटाला हलवून बघतात, मग टेस्टचा अर्थच जातो. हे लॅबमध्ये सहज घेता येतंय. त्याला जोडून पुढचं, सापाचं औषध सलाइनमधून चालू केलं आणि दहाव्या मिनिटाला अंगावर गांध्या उठल्या, खाज सुटली, धाप लागली. काय करणार? औषध थांबवायचं, डॉक्टरला हाक मारायची, अॅड्रिनलिन तयार पाहिजे, मोठ्या माणसाला ०.५ मिग्रॅ मांडीच्या स्नायूत. सुरू करायच्या आधीच सिरिंजमध्ये भरून ट्रेवर ठेवलं होतं का, हे बघायचं. नव्हतं ठेवलं तर कपाटाची चावी शोधण्यात वेळ जातो, तो वेळ पोरींना डोळ्यांनी दिसू द्या.

दुसरं, फवारणीचं औषध पोटात गेलेला माणूस. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला फेस, घाम, कपड्याला वास. इथं पोरींना सगळ्यात आधी काय शिकवायचं तर ग्लोव्हज घालून त्याचे कपडे काढा आणि अंग धुवा, नाहीतर विष कातडीतून जातच राहतंय. त्यावरचा उतारा म्हणजे अॅट्रोपिन, त्याचा चार्ट कसा ठेवायचा, छातीतला घरघर आवाज कमी झाला का ते दर थोड्या वेळानं ऐकून लिहायचं, हे पण.

विंचू पण घ्या. विंचवावर प्राझोसिनचा उपचार ज्यांनी दाखवून दिला ते डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातले, काम महाडला केलं पण माणूस आपल्याकडचा, पोरींना हे सांगा, अभिमान वाटतो.

आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. याला डमी नको. एका लिटरच्या भांड्यानं बरोबर ५०० मिली मोजा, पाण्यात कुंकू कालवा, आणि चादरीवर ओता, साडीच्या घडीवर ओता, पॅडवर ओता. मग पोरींना विचारा किती रक्त गेलंय. बहुतेक जणी निम्मंच सांगतात. कापडानं पिऊन घेतलं की कमी दिसतंय आणि तिथंच बाई हातची जाते. आमच्या ट्रेनिंगमध्ये ते पोटाला बांधायचं मॉडेल होतं, एक जण बांधून बाळंतीण होते, आत रक्ताची पिशवी असते आणि ती गुपचूप सोडते. ती बाळंतीण बोलते, कण्हते, चक्कर येतीय म्हणते, म्हणून डमीपेक्षा लई खरं वाटतंय. जुन्या सिस्टर, ही डमी रडते बरं का.


जुनी_सिस्टर :

किनवटच्या सिस्टर, तुमचं कुंकवाचं पाणी एकदम पटलं. माझी सेवा झाली पण नातसून नर्सिंगला आहे, तिला हे दाखवते. आणि मांजराकाठ ताई, तुम्हाला ओरडणारे नातेवाईक पाहिजे असतील तर आम्ही रिटायर्ड सिस्टरा येतो, आयुष्यभर ऐकलंय, आता बोलून दाखवू. चहा द्या म्हणजे झालं.


मांजराकाठ :

सिस्टर, नक्की बोलवणार. खरंच बोलवणार, हे मी नोंदवून ठेवलं.

क्षकिरण सर, दोन्ही कोर्सची पोरं एकत्र घेता येईल अशी केस सुचवा ना. एकाच बिल्डिंगमध्ये असून एकमेकांना ओळखत नाहीत, मग वॉर्डात गेल्यावर ‘एक्स-रेवाला आला’ म्हटलं की नर्स बाहेर निघून जाते.


क्षकिरण_परभणी :

हाच तर माझा जुना राग आहे, बरं झालं काढलंत.

आयसीयूमधला पोर्टेबल एक्स-रे घ्या, मशीन बेडपाशी नेऊन काढतात तो. पेशंट व्हेंटिलेटरवर, नळ्या, वायरी, सलाइन, कॅथेटर. आमचं पोरगं एकटंच पाठीखाली कॅसेट, म्हणजे फोटो घ्यायची पाटी, सरकवतं, त्यात नळी ओढली गेली की संपलं. आता केस अशी लावा, बेडवर साधी डमी किंवा माणूस, नळ्या चिकटपट्टीनं लावलेल्या. नर्सनं नळीच्या तोंडाशी हात ठेवायचा, तिनं सांगितल्याशिवाय कुणी हलवायचं नाही. फोटोच्या आड येणाऱ्या ईसीजीच्या वायरी बाजूला घ्यायच्या. मग आमच्या पोरानं मोठ्यानं सांगायचं ‘एक्स-रे’, आणि सगळे मागं. मागं म्हणजे किती, तर निदान दोन मीटर, आणि लीड अॅप्रन. अंतर दुप्पट झालं की डोस पावपट होतो, हे पोरींना टेप लावून दाखवा म्हणजे त्या घाबरून वॉर्डाबाहेर पळणार नाहीत आणि बेडला चिकटून पण उभ्या राहणार नाहीत. अंगावर किती डोस पडला ते मोजणारा टीएलडी बॅज अॅप्रनच्या आत छातीवर, हे आमच्याच पोरांना दरवेळी सांगावं लागतंय. फोटो आल्यावर दोघांनी मिळून बघायचा, नाकातली नळी पोटात गेली का फुप्फुसात. खात्री झाल्याशिवाय फीड सुरू करायचं नाही, हे नर्सच्या कामाचं.

दुसरी केस ऊसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकल धडकलेली, मानेला मार असावा असा पेशंट. नातेवाईक म्हणतात उचला लवकर. इथं लाकूड फिरवल्यासारखं सगळं अंग एकदम वळवायचं, चारपाच जण लागतात, आणि हुकूम फक्त डोकं धरणाऱ्याचा. मी कॅज्युअल्टीत बघतो, तिघं तीन दिशेला ओढालेत आणि प्रत्येक जण ‘हां उचला’ म्हणालाय.

आणि एक छोटी, पण मला सगळ्यात महत्त्वाची. विशीतली सून, पोटाचा एक्स-रे, सोबत सासू. पाळी कधी आली, दिवस गेलेत का, हे विचारायचंच असतं. सासूसमोर ती नाही म्हणणार. पोरगा असेल तर त्याला विचारायचीच लाज. मग सासूला कुठल्या कारणानं बाहेर बसवायचं, लेडी नर्सला कसं बोलवायचं, कुठल्या शब्दात विचारायचं, हे बोलून बोलूनच जमतं. दोन्ही कोर्सची एकेक पोर घ्या, तिसरीला सासू करा, बघा कशी गंमत येते ते.


थर्ड_इयर_हिंगोली :

सासू मी करणार 🙋


सडेतोड :

मांजराकाठ ताई, एवढं सगळं मोफत नाहीतर स्वस्तात होत असेल तर ट्रस्टी विचारतील, मग फोटोत दाखवायला काय राहिलं? त्याचं पण उत्तर तयार ठेवा. ते फोटोसाठीच घ्यालेत.


मांजराकाठ :

दादा, फोटोची सोय केलीय. सीपीआरची पाच धडं एका ओळीत मांडली की फोटो चांगलाच येतो. 😀

मी असं लिहितेय : मोठी डमी या वर्षी नाही. पाच धडं, इंजेक्शनचे हात आणि त्यांच्या जादा कातड्या, पोटाला बांधायचं बाळंतपणाचं मॉडेल, श्वास द्यायला शिकायची, पाण्यानं भरायची डमी बाळं, रेडिओग्राफीच्या सॉफ्टवेअरचं लायसन, दोघी ट्यूटरचं ट्रेनिंग. लॅबला एक पूर्णवेळ माणूस, त्याच्याच नावावर चावी, आणि संध्याकाळी सहापर्यंत उघडी. हॉस्पिटलशी बोलून एक्स-रे रूम आठवड्यातून दोन संध्याकाळी. वापरताना काही फुटलं तर पोरींकडून भरून घ्यायचं नाही, हे लेखी. यावर ट्रस्टी काय म्हणतील देव जाणे, हिंगोलीच्या पोरीमुळं हे शेवटचं घातलंय.

सर, एकच शंका. पोझिशनिंगच्या प्रॅक्टिसला खऱ्या कॅसेट कुणी देणार नाही, डीआरच्या प्लेटला तर हातच लावू देत नाहीत. काय वापरू?


क्षकिरण_परभणी :

सुताराकडून करून घ्या. प्लायवूडच्या पाट्या, मोठी ३५ बाय ४३ सेंमी, मधली २४ बाय ३०, लहान १८ बाय २४, जाडी दीड सेंमीच्या आसपास. कोपरे गोल घासायला सांगा, पेशंटच्या पाठीला टोचतात. एका बाजूला ‘ट्यूबकडची बाजू’ असं रंगानं लिहा कारण पोरं उलटी ठेवतात. उजव्या-डाव्या बाजूचे आर आणि एल मार्कर पत्र्याचे कापून घ्या आणि प्रत्येकाला स्वतःचे द्या, खिशात ठेवायची सवय आत्ताच लागू द्या. मोठीला तेवढं वजन पाहिजे, खरी डीआर प्लेट हलकी नसते, त्यामुळं मागून थोडा जाड पत्रा ठोकून घ्या.